पडद्याचा उजेड आणि धांवत्या चित्राची स्पष्टता

पालघर, बोईसर व तारापूर ह्या बाजूच्या ज्या घरांत हायस्कुलांत जाणारीं मुलें आहेत, त्यांपैकीं कांहीं घरांत सांप्रत एका नव्या वस्तूची मागणी होऊं लागली आहे. ती वस्तु म्हणजे संगणकावरील खेळांकरितां मुद्दाम तयार केलेला मॉनिटर. मुलें त्यास ‘गेमिंग मॉनिटर’ म्हणतात. त्याच्या खोक्यावर दोन गुण मोठ्या अक्षरांनीं छापलेले असतात. पहिला असा कीं पडदा अतिशय उजळ आहे. दुसरा असा कीं त्यावर वेगानें धांवणारें चित्र पुसट होत नाहीं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागीं खऱ्या आहेत. परंतु त्या दोन्ही एकाच वेळीं पूर्णपणें मिळत नाहींत, ही तिसरी गोष्ट खोक्यावर छापलेली नसते.

घरीं आल्यावर ती उघडकीस येते. मुलगा मॉनिटरच्या यादींतील ‘मोशन ब्लर रिडक्शन’ हें कलम चालू करितो. धांवतें चित्र खरोखरच रेखीव दिसूं लागतें, पण त्याच क्षणीं पडदा मंदावतो. वडिलांस वाटतें कीं यंत्रांत कांहीं दोष निघाला. मुलास वाटतें कीं आणखी महाग यंत्र घेतलें असतें तर असें झालें नसतें. दोघांचाही तर्क अपुरा आहे. येथें यंत्राचा दोष नसून प्रकाश आणि डोळा ह्यांचा एक नियम आहे. आणि तो समजला म्हणजे पैसे कशावर खर्चावे आणि डोळे कसे जपावे, ह्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें सोपीं होतात. तो नियम आपल्याच परिसरांतील उदाहरणांनीं समजावून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम डोळ्याचा स्वभाव पाहूं. पालघर स्टेशनाच्या फलाटावर, पिवळ्या रेषेच्या पुष्कळ मागें उभें राहून, न थांबतां जाणारी एखादी जलद गाडी पाहावी. ताशीं १३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ३६ मीटर पुढें सरकते. समोरच्या खांबावर नजर खिळविली, तर डब्यांऐवजीं रंगाचा एक लांब पट्टा तेवढा दिसतो. पण गाडीबरोबर नजर फिरविली, तर डब्यावरील अक्षरें क्षणभर वाचतां येतात. गाडी तीच आणि वेगही तोच. फरक इतकाच कीं दुसऱ्या वेळीं डोळा वस्तूच्या बरोबरीनें चालला, म्हणून तिची प्रतिमा डोळ्याच्या आंतील पडद्यावर एकाच जागीं ठरली. चालत्या वस्तूच्या मागोमाग डोळा असा आपोआप जातो, हें लक्षांत ठेवावें. पुढें ह्याचाच उपयोग होणार आहे.

आतां त्याच गाडीचें छायाचित्र घ्यावयाचें आहे असें समजा. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती उघडली, तर तेवढ्यांत गाडी ३६ सेंटिमीटर सरकते आणि चित्र फांसटतें. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडली, तर गाडी साडेतीन सेंटिमीटरांहून थोडीच अधिक सरकते आणि चित्र पुष्कळ रेखीव येतें. पण ह्या दुसऱ्या वेळीं कॅमेऱ्यांत प्रकाशही दहावा हिस्साच शिरतो. शाळेच्या क्रीडादिनीं दुपारच्या शर्यतीचीं चित्रें स्वच्छ येतात आणि सायंकाळच्या शर्यतीचीं एक तर काळवंडतात किंवा फांसटतात, ह्याचें कारण हेंच. वेळ कमी केला कीं रेखीवपणा वाढतो आणि उजेड घटतो. प्रस्तुत विषयाचें सगळें सार ह्या एका वाक्यांत आहे.

झडपेचें हें काम लुकलुकणारा दिवाही करूं शकतो. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत ज्यांचे वडील लेथवर काम करितात, त्यांनीं ही गोष्ट घरीं विचारून पाहावी. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रानें १९६९ सालीं वीज देण्यास आरंभ केला. तेथील वीज काय किंवा देशांत अन्यत्र होणारी वीज काय, ती सेकंदाला ५० वेळां आपली दिशा उलटसुलट पुरी करिते; म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळां उजळते आणि मंदावते. लेथचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला त्याचे २५ फेरे होतात, म्हणजे ट्यूबच्या दर दोन उजळण्यांमध्यें तो बरोबर पाव फेरा फिरतो. एका जबड्याच्या जागीं दुसरा जबडा येऊन ठेपलेला असतो, आणि भरवेगानें फिरणारा चक स्थिर उभा असल्यासारखा दिसतो. ह्या भासानें एखादा कामगार त्याला हात लावील तर केवढा अनर्थ होईल! म्हणूनच कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत आहे. एक मंदावते तेव्हां दुसरी उजळलेली असते. तात्पर्य, तुटक प्रकाश हालचालीस गोठवितो. कारखान्यांत हा गुण घातक आहे; खेळाच्या पडद्यावर तोच मुद्दाम आणिला जातो.

चित्रपटवाल्यांनीं तर तो शंभर वर्षांहून अधिक काळापासून वापरला आहे. मुंबईस ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत झाला. पुढें धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनीं ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट मुंबईंत पाहिला, आणि आपल्या देशांतील कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनीं घेतला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. त्या मूकपटांच्या काळांत पडद्यावर सेकंदाला सुमारें १६ चित्रें पडत. एक चित्र जाऊन दुसरें येत असतां फीत सरकते. ती सरकतांना दिसूं नये म्हणून दिव्यापुढें पात्यांची एक चकती फिरे आणि तेवढा वेळ पडदा अगदीं काळोखा होई. एवढ्यानें पडदा फार लुकलुके, म्हणून पात्यांची संख्या वाढवून एकेक चित्र तीन तीन वेळां चमकवीत. बोलपटांत सेकंदाला २४ चित्रें झालीं आणि प्रत्येक चित्र दोनदां चमकूं लागलें. ह्याचा अर्थ असा कीं तिकीट काढून खेळ पाहण्यास बसलेला प्रेक्षक जवळजवळ अर्धा वेळ काळोख पाहत असे, आणि त्याला त्याची वार्ताही नसे! झपाट्यानें लुकलुकणारा प्रकाश डोळ्याला त्याच्या सरासरीइतक्या अखंड प्रकाशासारखाच भासतो, हा नियम इंग्लंडांतील टॅल्बट व बेल्जममधील प्लेटो ह्या दोघां शास्त्रज्ञांच्या नांवानें ओळखला जातो. हा प्लेटो एकोणिसाव्या शतकांतला, ग्रीक तत्त्ववेत्ता नव्हे.

ह्या तयारीनिशीं आतां मॉनिटरकडे वळूं. घरांत पूर्वीं जे पेटीसारखे जाड दूरदर्शन संच असत, त्यांच्या कांचेवरील प्रत्येक ठिपका क्षणमात्र चमकून विझत असे. त्यामुळें तो पडदा थोडा लुकलुके, पण धांवता चेंडू त्यावर स्वच्छ दिसे. आजच्या चपट्या पडद्याची रीत उलट आहे. त्याच्या मागें दिवा अखंड जळत असतो, आणि एकदां उमटलेलें चित्र पुढचें चित्र येईपर्यंत जागच्या जागीं तसेंच तळपत राहतें. वाचनास हें उत्तम. पण धांवत्या चित्राची येथेंच फसगत होते.

ती कशी, तें गणितानें पाहूं. पडद्याच्या रुंदींत १९२० ठिपके आहेत आणि एक चेंडू सेकंदाला ९६० ठिपके ह्या वेगानें आडवा जात आहे. म्हणजे पडदा ओलांडण्यास त्यास दोन सेकंद लागतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रें येत असतील, तर प्रत्येक नव्या चित्रांत चेंडू १६ ठिपके पुढें टाकलेला असतो, आणि दोन उड्यांमध्यें तो स्तब्ध असतो. पण डोळा स्तब्ध नसतो. फलाटावरील गाडीप्रमाणेंच तो चेंडूमागें अखंड सरकत असतो. चित्र उभें आणि डोळा चालता, म्हणून चेंडूची कड डोळ्यांत १६ ठिपके फांसटते. सेकंदाला १२० चित्रें आलीं तर फांसटणें ८ ठिपके होतें. २४० आलीं तर ४. चित्र पडद्यावर जितका वेळ तळपत राहील, तितकें तें पुसट दिसेल. हा पुसटपणा डोळ्याच्या चालण्यामुळें होतो, म्हणून पडदा कितीही चपळ असला तरी तेवढ्यानें तो जात नाहीं.

तो घालविण्याचा उपाय म्हणजे चित्रपटांतील पात्याचीच योजना पुन्हां आणणें. मागचा दिवा अखंड न जाळतां, प्रत्येक चित्र नीट उमटल्यावर तो क्षणभर चमकवावयाचा आणि पुन्हां विझवावयाचा. १२० चित्रांच्या पडद्यावर दर वेळीं सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलिसेकंद, दिवा चमकला, तर फांसटणें ८ ठिपक्यांवरून जवळजवळ एका ठिपक्यावर येतें. पण सेकंदाच्या हजार भागांपैकीं दिवा आतां १२० भागच जळत आहे. म्हणजे उजेड शेंकडा १२ उरला. पडद्याचा उजेड निट ह्या मापानें मोजतात. एका चौरस मीटरांतून एक कँडेला, म्हणजे स्थूलमानानें एका मेणबत्तीइतका प्रकाश, हा एक निट होय. अखंड दिव्यानें ३०० निट देणारा पडदा ह्या रीतीनें ३६ निटांवर येतो. दिवा दोन मिलिसेकंद चमकविला तर ७२ निट मिळतात आणि फांसटणें दोन ठिपके होतें. चार मिलिसेकंद चमकविला तर १४४ निट आणि सुमारें चार ठिपके. चमकण्याच्या त्या क्षणांत दिव्यास दुप्पट तिप्पट वीज देऊन कारखानदार कांहीं उजेड परत मिळवितात. महाग यंत्रांत हें अधिक चांगलें साधतें, परंतु दिवा तापतो म्हणून ह्या उपायालाही मर्यादा आहे.

चतुर विद्यार्थ्याच्या येथें एक गोष्ट लक्षांत येईल. २४० चित्रांच्या अखंड पडद्यावर फांसटणें चार ठिपके, आणि १२० चित्रांच्या पडद्यावर दिवा चार मिलिसेकंद चमकविला तरीही चारच. पहिल्यांत उजेड पुरा ३०० निट राहिला. दुसऱ्यांत निम्म्याहून कमी झाला. तर मग पहिलाच मार्ग श्रेष्ठ नव्हे काय? आहे खरा, पण सेकंदाला २४० चित्रें काढून देणारा संगणकही तेवढाच बलवान् पाहिजे, आणि त्याची किंमत भारी असते. म्हणजे स्पष्टता फुकट कोठेंच मिळत नाहीं. ती उजेड देऊन घ्यावी लागते, नाहीं तर पैसा देऊन.

आतां हा तोल कसा साधावा, तें सांगतों.

पहिली गोष्ट, दिव्याच्या चमका आणि खेळाचीं चित्रें ह्यांची संख्या एक असावी. संगणक ६० चित्रें देत असून दिवा १२० वेळां चमकत असेल, तर एकच चित्र दोनदां दिसतें. त्या अवधींत डोळा पुढें गेलेला असतो, म्हणून एकाच्या जागीं दोन कडा दिसतात. बोलपटांतील वेगवान् दृश्यांत हाच दोष असे. म्हणून आपला संगणक जेवढीं चित्रें न अडखळतां देऊं शकतो, तेवढ्यावरच पडदा ठेवावा. मात्र चमका सेकंदाला शंभराच्या फारशा खालीं नेऊं नयेत. तेथें लुकलुक जाणवूं लागते, आणि ती प्रथम डोळ्याच्या कोपऱ्यांत जाणवते.

दुसरी गोष्ट, चमकेचा काळ अगदीं कमी न करितां, आपल्याला पुरेल इतकीच स्पष्टता घ्यावी. आरंभीं तो मोठा ठेवून हळूहळू कमी करावा. धांवतीं अक्षरें वाचतां येऊं लागलीं कीं तेथेंच थांबावें. पडद्याच्या अगदीं वरच्या व खालच्या पट्टींत चित्राची फिकी सांवली राहते. सगळ्या पडद्यावरील ठिपके एकाच क्षणीं बदलत नाहींत, म्हणून ती पुरती जात नाहीं. तिच्यासाठीं जीव आटवूं नये.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. पडद्याचा उजेड वाढविण्याऐवजीं खोलीचा उजेड कमी करावा. चित्रपटगृहांतील पांढऱ्या पडद्याच्या उजेडाचें मान सुमारें ४८ निट ठरलेलें आहे. इतका थोडा उजेड असूनही तेथें आपणांस चित्र मंद वाटत नाहीं, कारण भोंवतालीं काळोख असतो. केळवें, सातपाटी, शिरगांव अशा किनाऱ्यावरील गांवीं पश्चिमेच्या खिडकींतून दुपारनंतर जो प्रखर प्रकाश येतो, तो पडद्यावर पडला तर ३०० निटही अपुरे वाटतील. खिडकी बाजूला येईल असें टेबल फिरवावें, पडदा ओढावा, आणि मागील भिंतीवर एखादा सौम्य दिवा राहूं द्यावा. मग शंभर निट भरपूर होतात. अगदीं काळोख्या खोलींत मात्र बसूं नये. तेथें लखलखीत पडदा डोळ्यांस अधिक टोंचतो.

चौथी गोष्ट, हें कलम केवळ धांवत्या खेळापुरतें चालू ठेवावें. धडा वाचतांना किंवा निबंध लिहितांना त्याचा कांहीं उपयोग नाहीं; उलट विनाकारण लुकलुक आणि मंदपणा तेवढा पदरीं पडतो.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. रात्रीं खोलींतील दिवा मालवून पडद्यावर कोरें पांढरें पान उघडावें आणि त्यासमोर पेन्सिल झपाट्यानें डावीउजवीकडे हलवावी. मागचा दिवा अखंड असेल तर पुसट पंखा दिसेल. दिवा चमकत असेल तर अनेक वेगळाल्या पेन्सिली दिसतील. एका चार अंगुळांच्या काडीनें हें गूढ यंत्र आपलें रहस्य सांगून टाकतें!

पालकांस आमची विनंति अशी कीं, दुकानांतील झगमगाटांत जो पडदा सर्वांत उजळ दिसतो तोच उत्तम, असें मानूं नये. दुकान आणि घर ह्यांचा उजेड सारखा नसतो. विकत घेण्यापूर्वीं तें कलम तेथेंच चालू करावयास सांगावें, आणि पडदा किती मंदावतो तें स्वतः पाहावें. पडद्यावर अक्षरांची एक ओळ आडवी सरकवून ती नजरेनें वाचावी; वाचतां आली तर खोक्यावरील शब्द खरे. आणि घरच्या संगणकास तेवढीं चित्रें देण्याची शक्ति नसेल, तर मोठ्या आंकड्याचा मॉनिटर घेणें म्हणजे नांगराला शर्यतीचा घोडा जुंपणेंच होय.

शेवटीं प्रकृतीविषयीं. सेकंदाला शंभराहून अधिक वेळां होणारी चमक बहुतेकांस दिसत नाहीं. तरी कित्येकांचें डोकें त्यानें दुखतें. तसें झालें तर मुलानें तें लपवूं नये, आणि वडिलांनीं तें ढोंग समजूं नये. कलम बंद करावें, एवढाच उपाय. सेकंदाला ३ ते ३० वेळां होणारी ठळक उघडझाप मात्र फेंफऱ्याची प्रवृत्ति असणारांस धोक्याची आहे. जपानांत १६ डिसेंबर १९९७ रोजीं लहान मुलांच्या एका चित्रमालिकेंत तांबडा व निळा प्रकाश झपाट्यानें चमकविला गेला, आणि सहाशेंहून अधिक जणांस, ज्यांत बहुतेक मुलेंच होतीं, रुग्णालयांत न्यावें लागलें. अशी चमक खेळांतील स्फोटांच्या देखाव्यांतही असते. ज्या घरांत फेंफऱ्याचा रोगी असेल, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून असे खेळ मुलांपुढें ठेवूं नयेत.

फाळक्यांचेंच उदाहरण घ्या. चित्रपटाचें रहस्य शिकण्याच्या भरांत त्यांनीं रोज तासन् तास पडद्याकडे पाहिलें, झोंप टाकिली, आणि कांहीं काळ त्यांची दृष्टिच गेली. उपचारांनीं ती परत आली, म्हणून पुढचें सारें घडलें. विद्येसाठीं ज्यानें डोळे शिणविले त्याचीही निसर्गानें गय केली नाहीं. मग केवळ करमणुकीसाठीं शिणविणारांची तो काय करील?

उजेड जितका अधिक तितकें दिसणें अधिक, असा आपला सामान्य समज असतो. वर पाहिलें तें असें कीं धांवती वस्तु स्वच्छ दिसण्यास मध्यें मध्यें काळोखही लागतो. ज्यानें डोळा निर्माण केला, त्यानें त्याच्यावर पापणीही ठेविली आहे. ती मिटते तेव्हां क्षणभर अंधार होतो, आणि त्या क्षणींच डोळा ओला व स्वच्छ होतो. खेळाकडे टक लावून पाहतांना हें मिटणेंच आपण विसरतों. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, दर वीस मिनिटांनीं पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे पाहावें, पापण्या चार वेळां सावकाश मिटाव्या, आणि रात्रीं ठरल्या वेळीं यंत्र बंद करून झोंपीं जावें. पडद्याच्या उजेडाचा तोल बटणानें साधतां येतो. दिवसाच्या वेळेचा तोल ज्याचा त्यानेंच साधावयाचा असतो.